दगड माझा होता

तुमच्या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि हसते. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाकडे म्हातारा लिफ्ट मागतो आणि गाडीतून गायब होतो. माझी सत्तरी उलटली. शेतात एकटीने राखण केली, नवरा गेला, जाऊ गेली... कुणी परत आलं नाही. मेलं की संपलं, असं मी मानत आले आणि आजही मानते. पण बागेत जे झालं ते काय होतं, हे मला कळत नाही. म्हणून लिहिते आहे. शिक्षण माझं चौथी. मजकूर माझा, शुद्धलेखन सुनेने तपासलंय. तिच्याविषयी जे लिहिलंय ते तिने वाचलंच असेल. वाचू दे.

गावाचं नाव देत नाही. नगर जिल्हा – आता अहिल्यानगर म्हणायचं – त्याच्या उत्तरेला, गोदावरीच्या काठचं नगरपालिकेचं गाव. एवढं पुरे.

नळ यायच्या आधी आम्ही सगळ्या बायका नदीवर धुणं धुवायचो. प्रत्येक घराचा दगड ठरलेला. आमचा दगड सासूचा. काळा, गुळगुळीत, पाण्याकडे उतरता, मधून एक पांढरी शीर गेलेली. तसा दुसरा घाटावर नव्हता. सासू गेली, दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, भांडीकुंडी वाटून झाली. दगड कसा वाटणार? मी म्हणाले माझा, कारण सासूचं आजारपण मी काढलं होतं. थोरली जाऊ म्हणाली माझा, कारण ती थोरली. तिला मी अक्का म्हणायचे.

घाटाचा एक रिवाज होता. दगडावर ओंजळभर पाणी मारलं की तो तुमचा. मग खुशाल घरी जा, धुणं घेऊन या, तोवर कुणी बसणार नाही. ओल्या दगडाला हात लावायचा नाही. पण वाळला की हक्क गेला. उन्हाळ्यात तर धुण्याचं गाठोडं घेऊन पळत यावं लागायचं.

अक्का डावरी. डाव्या हाताने पाणी असं फेकायची की ते पंख्यासारखं पसरायचं आणि शिंतोडे सगळे उजव्या बाजूला. लांबूनच कळायचं, बाई येऊन गेली. मी कितीही लवकर उठले तरी दगड ओला!

तिला मूल नव्हतं. माझ्या बाळूवर तिचा जीव. तो तिला मोठी आई म्हणायचा. घाटावरून आली की ओल्या, गार हातानेच त्याचे केस मागे सारायची आणि तो खिदळायचा.

मी ओरडायचे, "पोराला पडसं होतं, हात पुसत जा की!"

ती म्हणायची, "तुझ्या पोटी आला म्हनून तुझ्या एकटीचाच हाय व्हय गं?"

नळ आले, घाट सुटला. पुढे अक्का गेली. दगडावरून बोलणं तुटलं ते शेवटपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही आणि मीही नाही.

आता बागेचं सांगते. नगरपालिकेने घाटाला लागून बाग केली. पेव्हर ब्लॉक, घसरगुंडी, व्यायामाची लोखंडी यंत्रं, गावाच्या नावाची मोठी लाल अक्षरं – फोटो काढायला. आमच्या घरी संध्याकाळी पाच ते सात पुढच्या खोलीत सुनेची ट्यूशन असते. माझी खाट न्हाणीजवळ, तिथे डास आणि कुबट वास. म्हणून मी बागेत जायला लागले. पण तिथेही बसायचं कुठे? बाकांवर पेन्शनर. स्वतः फेऱ्या मारतात आणि बाकावर रुमाल टाकून जागा धरतात. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. एकाला म्हटलं, रुमालाला बसायचंय का हो? तर म्हणतो, "आजी, आमचा ग्रुप आहे."

नदीच्या कठड्याजवळ कंत्राटदाराने घाटावरचे दगड उचलून सिमेंटात बसवले होते. बसायला म्हणून. त्यात मला पांढरी शीर दिसली.

माझा दगड. गुडघ्यांना बरोबर उंचीचा, करंजाच्या सावलीत. मी हात फिरवून बघितला, कोरडा ठणठणीत होता. मनात म्हटलं, अक्का, शेवटी कोण राहिलं? आणि बसले.

उठले तेव्हा लुगडं मागून चिंब झालेलं. पाणी पायांवर ओघळत होतं. समोरच्या बाकावर गुरुजी होते, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. ते शेजारच्याच्या कानाला लागले आणि मग दोघांनी नदीकडे तोंड फिरवलं. काय समजले ते मला कळलं. म्हाताऱ्या बाईचं लुगडं मागून ओलं झालं की लोक एकच समजतात.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. सून म्हणाली, "आई, या वयात होतं असं. लाजायचं नाही."

"काय होतं?"

ती वह्या तपासायला वळली. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेवर पुडकं. मोठ्या माणसांचे डायपर. मी ते उचललं आणि पुढच्या खोलीत तिच्या टेबलावर, पोरांसमोर ठेवून आले. चार दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

त्यानंतर मी जाईन तेव्हा दगड ओला. आजूबाजूचे दगड भाकरीचा तवा तापावा तसे तापलेले, आणि हा एकटा ओला. पदराने पुसला, पुन्हा ओला. मी माळ्याला धरलं. त्याचं नाव पोपट.

"पोपट, दगडावर पाणी का मारतोस रे?"

"आज्जे, हितं झाडास्नी पानी पुरंना, दगडाला कुठून घालू? पाईप बी तितवर पोचत न्हाई. बघ, वढून बघ."

ओढून बघितला. खरंच पोचत नव्हता.

गुरुजी बाकावरून म्हणाले, "बाई, जमिनीची ओल दगडात चढते. हे विज्ञान आहे."

"मग शेजारचे दगड काय नापास झालेत का, गुरुजी?"

पोपट हसला. गुरुजींनी रुमाल उचलून झटकला. पण तेवढ्यात मी पुन्हा दगडाकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. ओल खालून चढलेली नव्हती. वरून फेकलेली होती. पंख्यासारखी पसरलेली, आणि शिंतोडे सगळे उजव्या बाजूला.

तरी मी मानलं नाही. म्हटलं कुणीतरी चेष्टा करतंय. एके दिवशी ऊन असतानाच गेले. बागेत चिटपाखरू नव्हतं, पोपट गेटजवळ विडी ओढत होता. दगड कोरडा होता. मी बसले नाही, हातभर अंतरावर उभी राहिले. म्हटलं, बघू कोण येतं.

कुणी आलं नाही. पाणी आलं. माझ्या डोळ्यांदेखत, डावीकडून... सपकन! दगडावर पसरलं आणि माझ्या पावलांवर उडालं. गार होतं. मे महिन्यात गोदावरी गुडघाभर असते आणि तीही कोमट. एवढं गार पाणी कुठलं?

लोक अशा वेळी रामनाम घेतात म्हणे. मी शिव्या घातल्या. "मेलीस तरी तुझी हाव गेली न्हाई का गं? जळून राख झालीस, आता कसलं धुनं धुतेस? ऊठ माझ्या दगडावरून! मरताना सुदिक तोंड वळवलंस, आन् आता भिजवतेस मला?"

बराच वेळ बोलत होते मी. शेवटी भान आलं तेव्हा भोवती माणसं होती आणि एक जण मोबाईल धरून उभा होता.

तो व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. बाळू दूध डेअरीत नोकरीला आहे, आता पन्नाशी ओलांडली त्याने. त्याला तो साहेबाने दाखवला. घरी आला तो चप्पल न काढताच माझ्या खाटेपाशी.

"आई, तू दगडाशी भांडत होतीस!"

"दगडाशी नाही. तुझ्या मोठ्या आईशी."

तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "हे बघ, उद्या मी येतो तुझ्याबरोबर. दगड ओला निघाला तर तुझं खरं. नाही निघाला तर नगरला डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं, आणि बाग बंद. एकटीने घराबाहेर पडायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मला खात्री होती. एवढे दिवस कधी चुकली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी गेलो. दगड कोरडा. बाळूने हाताने चाचपला, माझ्याकडे बघितलं आणि बसला. चांगला ऐसपैस, पाय पसरून. मी दूर कठड्याला टेकून उभी. गुरुजी बाकावरून बघत होते. पोपट पाईप हातात घेऊन मुद्दाम इकडेच रेंगाळला होता.

मी मनात म्हणत होते, टाक पाणी. टाक की गं! रोज टाकतेस, आजच काय झालं? जन्मात मी तिला पहिल्यांदा काही मागत होते. करंजाची पानंसुद्धा हलली नाहीत. बाळू नदीकडे बघत बसला होता. त्याचा चेहरा सैल, निवांत झाला होता. घरी तो तसा कधी दिसत नाही.

दिवे लागायच्या वेळेला तो उठला. पाठ फिरवून मला पँट दाखवली. कोरडी.

"बघितलंस?"

बघितलं. आणि कळलंही. त्याला ती भिजवणारच नव्हती. त्याच्यासाठी तिने जागा धरून ठेवली असती, माझ्यासाठी नाही. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.

गेटपाशी गाडी लावली होती. बाळूने चावी काढली आणि तसाच थांबला. हात डोक्यावर नेला.

"आई, मघाशी तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास का?"

तो दगडावर होता तोवर मी कठडा सोडला नव्हता. त्याच्या जवळही गेले नव्हते.

"का रे?"

"हात ओला होता तुझा. गार."

दिव्याखाली मी बघितलं. त्याचे विरळ झालेले केस मागे सारलेले होते. ओले. कानामागून एक थेंब शर्टाच्या कॉलरवर उतरत होता.

आता नुसतं "नाही रे, मी नव्हते" एवढंच म्हणायचं होतं. त्याने केसांतून हात फिरवला असता, हात ओला झाला असता, माझं सगळं खरं ठरलं असतं. डॉक्टर टळला असता, बाग राहिली असती, सुनेचं तोंड बंद झालं असतं. तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी पडशाने नाक गळत असताना खिदळायचा, तसा चेहरा झाला होता. आणि हा चेहरा मी तिच्या पदरात टाकू?

मी म्हणाले, "हो. मीच."

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "असा हात तू कधी फिरवत नव्हतीस."

"आता फिरवला," मी म्हणाले. "चल, उशीर झालाय."

त्यानंतर नगरला जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने झोप येते. बाग बंद आहे. पाच ते सात मी न्हाणीजवळच्या खाटेवर बसते, भिंतीपलीकडून पोरांचे पाढे ऐकू येतात. परवा पोपट रस्त्यात भेटला. सांगत होता, दगड अजून रोज ओला असतो. गुरुजी एकदा ईर्ष्येने जाऊन बसले आणि रुमाल मागे धरून घरी गेले. पोपटने हळूच विचारलं, "आज्जे, खरं सांग, कुनाची जागा हाय ती?" मी म्हणाले, नगरपालिकेची.

मला याचा उलगडा झालेला नाही. जमिनीची ओल डोक्यावर चढत नाही आणि गोळ्यांनी दुसऱ्याचे केस भिजत नाहीत, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही समजतं. बाकी कुणाला काही समजत असेल तर जरूर लिहा.

बाळू हे मासिक वाचत नाही. सुनेने वाचून दाखवलं तर दाखवू दे. त्याने येऊन विचारलं तर मी आजही सांगेन, हात माझाच होता.