रिटच केलेले बेडूक

बाळांनो, तुम्ही तिकडच्या अंगणातल्या बेडकाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, आजी, हा कोणता? ते सांगेन. पण फोटोवरून बेडूक ओळखायच्या कामात माझं काय गेलं, ते आधी ऐका. क्रमाने सांगते.

हैदराबादला इंग्रजीतून बी.एस्सी. करून मी उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, सून म्हणून आले. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. तुमचे आजोबा कचेरीत कारकून. पुढे आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई सोलापूरच्या एका कॉलेजात आल्या. त्यांनी कळवलं, प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघते आहे. तुझ्याकडच्या बेडकांचे फोटो पाठव, कोणता बेडूक कशावरून ओळखलास ते लिही. निवड करणाऱ्यांपुढे ठेवते. आजोबा म्हणाले, "जागा मिळाली तर मी बदली मागतो. सोलापुरात बिऱ्हाड करू." त्या घरात माझ्यासाठी काही करतो म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अट घातली. सुनेने तळ्यावर जायचं नाही. बेडूक घरी येतील, फोटोवालाही घरी येईल. गड्याने बादलीतून बेडूक आणले. फोटोवाल्याने अंगणात तिपाईवर कॅमेरा मांडला आणि काळ्या कापडात डोकं घातलं.

"वैनी, ह्याला जरा मान वर कर म्हणा. लई लाजतंय."

सासूबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. "पोरं व्हायच्या वयात बेडकं मांडून बसलीय," त्या म्हणाल्या. "आता एखादं स्थळ बी बघा त्यांच्यासाठी."

गंमत म्हणजे फोटोवाल्याने कामही तसंच केलं. त्याचा धंदा चालायचा तो लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि चाकू फिरवून तो मुरमं, देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या रेषा नाहीशा करी. मामंजींनी आपल्या मुली अशाच फोटोंवर उजवल्या होत्या. बाहेरगावी जाणारा प्रत्येक फोटो आधी त्यांच्या हातात जायचा. हेही फोटो गेले. माझ्या टिपणासोबत त्यांनीच ते टपालात टाकले. मला दाखवले नाहीत.

मी विचारलं तर म्हणाले, "तुला काय बघायचंय त्यात? लिहिलंस तू, फोटो त्याचे. नामी झालेत."

फोटोवाला जादा प्रती घेऊन आला तेव्हा मी ते पाहिले.

"एकाच्या अंगावर लई पुरळ हुतं, वैनी. एक बी ठिवलं न्हाय," तो कौतुकाने म्हणाला. "अन् त्या मोठ्याच्या पाठीवर सुरकुत्या. मालक म्हनले, आपल्या घरातनं जानारा फोटो साफ पायजे."

ते पुरळ म्हणजेच त्या जातीची ओळख. कोरडी, खडबडीत कातडी आणि डोळ्यामागचा फुगीर उंचवटा, यावरून मी त्याला पुस्तकातला भेक, म्हणजे इंग्रजीतला टोड, ठरवलं होतं. मोठ्याच्या पाठीवरच्या लांब घड्या ही त्याची खूण. माझ्या टिपणात हे सगळं होतं आणि फोटोत काहीच नव्हतं. सगळे सारखे, साबणाने धुतल्यासारखे.

"पुन्हा काढता येतील का?"

"काचाच खरवडल्यात, वैनी. आता नवं बेडूक पायजे."

बेडूक गड्याने केव्हाच ओढ्यात सोडले होते. मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "एकदा झालं ते झालं. बेडकांची वरात रोज दारात नको."

मी बाईंना सगळं खरं लिहिलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. पण माझं पत्र पोचण्याआधीच निवड झाली होती. फोटो हातोहात फिरले होते. अंगावर एक फोड नसलेल्या बेडकाला ही बाई खडबडीत म्हणते, हिला साधा बेडूक आणि भेक यांतला फरक कळत नाही, असं ठरवून सगळे हसले होते. बाईंनी ते हसणंसुद्धा मला कळवलं. न कळवत्या तर बरं झालं असतं. जागा दुसऱ्याला गेली. आजोबांनी बदलीचा अर्ज केलाच नाही. "जाऊ दे," म्हणाले. घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं.

मामंजींना मात्र तो भेक फार आवडला होता. त्यांनी त्याला चौकट करून बैठकीत लावला. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे, "सूनबाईचा अभ्यास." पाहुणे म्हणायचे, कसा सायीसारखा आहे. मी चहा ठेवून आत जायची. त्या चौकटीवरची धूळ पुसणंही माझ्याकडेच होतं.

एकदा जळकोटहून आलेल्या एका शिक्षकांनी थेट मलाच विचारलं, "वहिनी, हा कोणत्या जातीचा?"

"असा बेडूक नसतो," मी म्हणाले.

मामंजी मोठ्याने हसले. "शिकलेल्या बायका. यांना आपलं स्वतःचं कामसुद्धा पसंत पडत नाही."

शिक्षकही हसले, आणि मी कप उचलले.