तीनशे मीटरचे डिझेल

नाचत निघालेल्या वऱ्हाडाला तीनशे मीटर अंतर कापण्यास किती वेळ लागतो? माळशेज घाटाजवळच्या मढ गावच्या लंकाबाईंनी हा प्रश्न मला विचारला.

मे २०२२ मध्ये गावातल्या गोरक्षच्या मुलीच्या, सुप्रियाच्या, लग्नात लंकाबाईंनी जनरेटर भाड्याने देण्याचे पहिले काम घेतले. "बाईमाणसाचं मशीन, मंगलाष्टकालाच बंद पडंल," असे नवरदेवाचे चुलते धर्माजी चारचौघांत बोलून गेले होते. लंकाबाईंचा अंदाज मात्र पक्का होता: मांडवातले पंखे आणि माइक यांना ताशी दोन लिटर डिझेल, डीजे वाजला की पाच. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत अर्धा तास डीजे, पुढे चार तास पंखे. टाकीत बारा लिटर होते.

या अंदाजात नाचणारी माणसे धरलेली नव्हती. पिकअपवरचा जनरेटर चार पावले सरके आणि वऱ्हाड तीन पावले मागे येई. साठीचे धर्माजी तर रुमाल दातांत धरून, नागीण होऊन, पिकअपपुढेच लोळले. मिरवणूक मांडवात पोहोचली ती दोन तासांनी. उरले दोन लिटर: पंखे-माइकला एक तास, डीजेला जेमतेम पंचवीस मिनिटे. नवरी तयार होण्यास पाऊण तास होता, आणि पोरांना पुन्हा डीजे हवा होता.

लंकाबाईंनी माइक गावातल्या वडीलधाऱ्या सावळेराम आप्पांच्या हाती दिला. आप्पांचे भाषण एरवी सदरा ओढूनच थांबवावे लागे. आज कोणीच ओढेना. आप्पा गोंधळले आणि दोन मिनिटांत "एवढं बोलून" पर्यंत आले.

"आप्पा, नवरीच्या पणज्यापास्नं घ्या की," लंकाबाई खालून म्हणाल्या.

आप्पांनी पणजोबा घेतले, त्यांची मेंढरे घेतली, माळशेज घाटातला वाघही घेतला.

"आरं, गाणं लावा राव," धर्माजी वैतागले.

"पावणं, तुमची नागीण धा लिटर पिली. आता वाघ ऐका," लंकाबाई म्हणाल्या.

मांडव हसून लोटपोट झाला. वाघ घाट उतरला तेव्हा नवरी बाहेर आली. मंगलाष्टके शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली, अक्षता एकदमच पडल्या. जनरेटर बंद पडला तो त्यानंतर, धर्माजी विहिणींना हात जोडत असताना.

धर्माजींच्या मुलीचे लग्न १८ फेब्रुवारी २०२४ रोजी बेल्ह्यात झाले. जनरेटर लंकाबाईंचा होता.