नाटे ते रत्नागिरी, छत्रीवाल्या साहेबाच्या भेटीला

नाय गो, यष्टीनंच. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे गाडी कुठली? नाट्याहून सकाळची यष्टी आडिवऱ्यावरनं हायवेला लागायची, हातखंब्याला वळली की रत्नागिरी. वळणं इतकी, की सकाळचा चहा गळ्याशी यायचा. तुम्ही जाल तेव्हा लिंबू जवळ ठेवा आणि पुढची शीट धरा.

बरोबर सासूबाई, चष्मा करायला. माझ्या नवऱ्याला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, दर्यानं नेऊन नऊ महिने झाले होते. तेव्हापासून त्यांनी मासा तोंडाला लावला नव्हता. म्हणायच्या, "माझा पोर माशांनी खाल्ला, आन् मी मासे खाऊ?" हसणं तर सोडाच. हाडं मोजून घ्यावीत अशी गत. मला धास्ती, ही म्हातारी वर्षश्राद्धापर्यंत टिकत नाही.

डब्यात त्यांच्यासाठी भाकरी नि कांदा, मला भाकरी नि सुक्या मासळीची सुकट. वासानं कंडक्टरनं नाक दाबलं. म्हटलं, "मास्तर, सुकटीचं पण अर्धं तिकीट फाडा."

बारापर्यंत चष्मा नाकावर बसला. परतीची गाडी चारला. स्टँडवर ऊन भाजत होतं आणि जवळच्या थेटरात मॅटिनीला इंग्रजी पिक्चर. पाटीवर पिस्तूलवाला गोरा.

"वर्ष सरलं नाय, आन् पिच्चर बघतेस?"

"बघतंय कोण? आत पंखे हायत. तीन रुपयांत वारा खाऊ."

पिक्चर ब्रिटिश, मारामारीच्या पिक्चरांची टर उडवणारा. सुटातला पोलीस साहेब चोराच्या गाडीच्या टपावर उडी मारतो, तर गाडी चालूच होत नाही. मग दुधाच्या गाडीतनं पाठलाग, आणि मध्येच लाल दिव्याला शहाण्यासारखा थांबतो. मारामारीआधी कोट काढून चोराच्याच हातात देतो. लोक लोळत होते. सासूबाईंना मात्र सगळं खरं. "मागं बघ मेल्या, मागं," म्हणून ओरडायच्या. पुढच्या रांगेतले पडदा सोडून आमच्याकडे बघायला लागले.

मग साहेब पुलावरनं नदीत पडला. वर नुसते बुडबुडे.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. "वर येतो का गो?"

काय पाप केलं हिला इथं आणून. "चला, बाहेर जाऊ," म्हणून उठले.

"बस. बघू दे."

पाण्यातनं आधी छत्री वर आली, उघडलेली. मग टोपी. मग साहेब, भिजू नये म्हणून छत्री नीट डोक्यावर धरून.

सासूबाईंच्या घशात खरखरलं. वाटलं, रडल्या. बघते तर हसत होत्या. "आता कशाला रे छत्री, मेल्या," म्हणत डोळे पुसताना नवा चष्मा मांडीवर पडला.

परतीला हातखंबा गेल्यावर त्यांचा हात माझ्या डब्यात आला. सुकट उचलली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"मीठ जास्त झालंय," म्हणाल्या.

त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. कुणी छत्री उघडली की मला कोपर मारायच्या. थेटरातली गोष्ट गावात फुटली तेव्हा भावकीनं आधी नावं ठेवली. म्हातारी जेवायला लागली तसं कौतुक सुरू झालं, सुनेनं सासूसाठी लोकलाज सोडली म्हणून. अजून करतात. मी मान डोलवते.

पण खरं सांगू? शेजारची मुलं आदल्या आठवड्यात तो पिक्चर बघून आली होती, सांगता सांगता लोळत होती. चष्म्याचं निमित्त मग मीच काढलं. मला हसायचं होतं. एकटी विधवा थेटरात बसली असती तर गावानं फाडून खाल्लं असतं, म्हणून म्हातारीला नेली.