तिप्पण्णाचा तळहात

सोलापुरात नावेच्या गाड्यांची चाकं दुरुस्त करून पोट भरणारा माणूस राहतो, असं सांगितलं की पाहुणे आधी आभाळाकडं बघतात, मग माझ्याकडं. मी थापा मारतो अशी आमच्या गल्लीची समजूत आहेच. पण तिप्पण्णा खरा आहे. चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडं त्याचं गॅरेज आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं दुकान. उजनीच्या पाण्यावर नावा फिरवणारे असोत की पूर आला की धावणारं बचाव पथक, ट्रेलर त्याच्याकडंच येतात. ट्रेलर म्हणजे जीपमागं जोडायचा दोन चाकांचा गाडा. त्यावरून नाव पाण्यापर्यंत न्यायची. उतरवताना चाकंही पाण्यात जातात आणि तिथंच घात होतो. तापलेल्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पाणी शिरतं, बेअरिंगचं ग्रीस ताकासारखं पांढरं होतं, आणि पुढच्या खेपेला चाक जाम तरी होतं, नाहीतर निखळून जीपच्या पुढं पळतं.

तिप्पण्णाचं सगळं नाव त्याच्या तळहातावर. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि ग्रीस पलीकडून डोकावेपर्यंत बेअरिंग त्यावर दाबत राहायचं. मग नट आवळायचा आणि किंचित मागं सोडायचा. किती किंचित, ते त्याची बोटं ठरवायची. वाटेत गाडी थांबली की हबवर हात ठेवायचा आणि निकाल द्यायचा, "गार हाय," नाहीतर "उघडा."

तो हात गेल्या वर्षी मेला. साखरेच्या आजारानं त्यातली जाणीव खाल्ली. हे गॅरेजात त्याच्या हाताखाली राबणाऱ्या बायकोला, महानंदावहिनींना ठाऊक होतं आणि मला. एकदा वेल्डिंगची ठिणगी बोटाला चिकटून बसलेली, आणि हा माणूस माझ्याशी निवडणुकीवर बोलतोय! मी ओरडलो तेव्हा त्यानं खाली बघितलं.

"गुरू, कुटं बोललास तर बघ. पथकाचं काम गेलं की गॅरेजला कुलूप लागतंय."

मी शपथ घेतली आणि चक्क पाळली. बायकोला सांगितलं, पण बायको धरत नाहीत.

सप्टेंबरात सीना नदी फुगली. माढ्याच्या अंगाला एका वस्तीवर अकरा माणसं शाळेच्या छतावर चढून बसली होती. पथकाचा ड्रायव्हर सयाजी सकाळीच गॅरेजात येऊन थडकला, तेव्हा ट्रेलरची दोन्ही चाकं उघडी पडलेली.

"मामा, आटपा की! पाणी खिडक्यांना लागलंय म्हणत्यात!"

तिप्पण्णानं भराभर ग्रीस भरलं, नट आवळले. डाव्या चाकाशी घुटमळला. महानंदावहिनी पुढं झाल्या. "मी फिरवून बघू का जरा?"

"तू चहाचं बघ," तो खेकसला आणि हबची टोपी ठोकून मोकळा झाला.

मी जीपमध्ये का चढलो विचारू नका. बातमी आपल्याला आधी कळावी, एवढाच परोपकार. पथकाचे दोन पोहणारे मागं बसले, आणि वाटेत चाकं बघायला तिप्पण्णा पुढं. मोहोळपर्यंत मी विनोद करत होतो. पुढं सयाजीचा फोन दर पाच मिनिटांनी वाजायला लागला, आणि माझं तोंड आपोआप बंद झालं.

मोडनिंबच्या आधी जळका वास आला. सयाजीनं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही तिघं उतरलो. तिप्पण्णा पुढं झाला, डाव्या हबवर सवयीनं अख्खा तळहात टेकवला आणि शांतपणे म्हणाला, "गार हाय. चला."

सयाजी परत आत बसला. तिप्पण्णानं हात उचलला तेव्हा कातडं पांढरं पडून वर आलं होतं. मी माझं बोट हबला लावलं आणि आई आठवली.

"सयाजी, थांब! चाक पेटलंय!"

"गुरुमामा, आज मस्करी नको. पाया पडतो तुमच्या."

"अरे खरंच—"

"तुमचं खरं मला म्हायती हाय." त्यानं गाडी सुरू केली.

पन्नास वर्षांत मी इतक्या थापा मारल्या, आणि त्यांची वसुली या रस्त्यावर व्हायची होती! मी तिप्पण्णाकडं बघितलं. तो तळहाताकडं बघत होता. आता तो गप्प राहिला असता, तर पुढच्या वळणावर नाव रस्त्यावर आडवी आणि ती अकरा माणसं छतावर. बोलला असता, तर त्याच्या धंद्याचा तिथंच निकाल. इंजिन घरघरत होतं.

त्यानं जीपच्या दारावर थाप मारली. "सयाजी, बंद कर. गुरू खरं बोलतोय. माझा हात मेलाय. वरीस झालं."

सयाजी खाली उतरला. मला वाटलं, मारतोय. "आन् तुमी हे आत्ता सांगताय? ह्याच हातानं नट लावलाय नव्हं?"

"व्हय. लई आवळलाय. जॅक काढ."

चाक उचललं, ओलं फडकं गुंडाळून हब उघडला. बेअरिंग तापून निळं पडलं होतं. तिप्पण्णाजवळ दुसरं होतं, कागदात गुंडाळलेलं. पण लावणार कोण? सयाजी जॅकला आणि पोहणारे नाव सावरायला अडकले होते. राहिलो मी, कागदाशिवाय आयुष्यात काही न हाताळलेला.

"ग्रीस दाब. अजून दाब, लाजू नगंस. बसव. चाक फिरवत आवळ. आता सोड जरासं. चाक वर-खाली धरून हलव. हलतंय?"

"हलतंय."

"किती? बोटभर का केसभर?"

"मला काय कळतंय!"

"कळतंय. डोळं मिट आन् हलव."

फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मी डोळे मिटले. "केसभर."

"पिन घाल."

पुढं दर चार-पाच किलोमीटरला गाडी थांबे आणि मी हात लावी. तिप्पण्णा कानडीत विचारायचा, "बिसि अदा?" गरम आहे का? मी सांगायचो, कोमट. आणि सयाजी, देवाशपथ, माझ्या शब्दावर गाडी काढायचा.

काठावर बायका रडत होत्या. सयाजी ट्रेलर सरळ पाण्यात घालायला निघाला, तर तिप्पण्णा आडवा. "चाक अजून कोमट हाय. आत पाणी घेईल. अजून कुटं जायला लागलं तर? हातांनी उतरवा." काठावरच्या पंधरा-वीस गड्यांनी नाव खांद्यावर घेतली. दोन खेपांत अकराच्या अकरा माणसं आली. तेवढ्यात आणखी एक फोन आला, तो खालच्या वस्तीचा. कोरड्या चाकांनी आम्ही तिकडंही गेलो.

परतताना हबला हात लावायला सयाजीनं प्रत्येक वेळी मलाच उतरवलं.

चार दिवसांनी तो ट्रेलर घेऊन गॅरेजसमोर उभा राहिला. मी झेरॉक्सचं मशिन बंद करून कान लावला. तिप्पण्णा हाताची पट्टी सावरत पुढं आला. सयाजीनं त्याला ओलांडून आत हाक मारली.

"मामी, नट तुमी लावणार असाल तर ट्रेलर आत घेतो."

तिप्पण्णानं मान फिरवली. मग स्वतःचं बसायचं स्टूल पायानं चाकाजवळ ढकललं, आणि महानंदावहिनी पदर खोचून त्यावर बसल्या.