पंडुमाच्या दोन दिवस आधी

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्याची बदली धानोऱ्याकडच्या जंगलात झाली. मला तिसरा महिना होता. पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता, पाणीसुद्धा उलटायचं. वरोऱ्याच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिनं लवकर खायला सुरुवात केली नाही तर मूल राहणं कठीण. बाजूला घेतलं म्हणून काय झालं, माझे कान तिखट. वाटभर दोघंही ते ऐकलंच नाही असं दाखवत होतो.

गडचिरोली मागे पडली आणि डोंगराच्या पायथ्याशी, एका लहानशा बाजाराच्या गावात आमच्या ट्रकचा टायर बसला. लाकडं आणायला निघालेला ट्रक तो, आम्ही ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलेलो.

"बाबू, टाइम लागते आता," ड्रायव्हर म्हणाला. "बाईले सावलीत बसवा."

सावली आंब्याची होती. झाड कैऱ्यांनी नुसतं लगडलेलं. किती दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं! इकडेतिकडे न बघता मी उठले आणि खालची फांदी ओढली. समोरच्या अंगणातून एक गोंड म्हातारी धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"नको बाई. पंडुम नाई झाला आमचा. देवाले देल्याबिगर आमी कैरी तोडत नाई."

"कधी आहे तुमचा पंडुम?"

"परवा."

परवा! माझं डोकंच फिरलं. एका कैरीनं तुमच्या देवाचं काय बिघडतं, असं मी तोंडावर विचारलं. नवरा "अगं, राहू दे" करत होता. म्हातारी काही चिडली नाही. तिनं अंगणाकडे बोट दाखवलं.

"ते माही सून. तुह्यासारखीच हाये. तिले बी नाई देली मी."

सुनेचं पोट चांगलंच दिसत होतं. ती त्याच झाडाकडे बघत बसलेली, माझ्याकडे बघून हसली. मलाही हसू आलं. भांडायचं तरी कुणाशी?

"आंबट पाह्यजे ना तुले? ये."

म्हातारीनं मला सुनेशेजारी बसवलं आणि पळसाच्या द्रोणात आंबील ओतली. तांदळाची, चांगली आंबलेली, वर मीठ आणि ठेचलेली मिरची. मी एक घोट घेतला आणि तो परत यायची वाट बघत बसले. नवरा माझ्या गळ्याकडे टक लावून उभा. काही आलं नाही. दुसरा घोट घेतला. मग द्रोण संपला आणि मी तो निर्लज्जासारखा पुढे केला. सून खुसुखुसू हसत स्वतःचाही पुढे करत होती.

तिसरा द्रोण हातात होता तेव्हा ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हर हाका मारू लागला, "चला बाबू, अंधार होते!" मी उठायला लागले. माझा नवरा, जो दारच्या कुत्र्यालासुद्धा कधी हाड म्हणाला नाही, तो रस्त्याकडे वळून साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"थांब रे! जेवून राह्यली ती!"