केशोरीतला बिनआवाजाचा कॉल

केशोरीत त्या रविवारी दुपारी लाईट होती आणि नेटही चालू होतं... दोन्ही एकाच वेळी, म्हणजे नशीबच. मोबाईल अजून घरोघरी आले नव्हते, तेव्हाची गोष्ट.

आमचा एसटीडी बूथ गावात जुना. मी बी.कॉम. करून परत आले तेव्हा एक खाजगी कंपनी खेड्यापाड्यांत इंटरनेट केंद्रं काढत होती. छतावरचा अँटेना त्यांचा. खोली, कम्प्युटर, बॅटरी आपली.

बाबांनी मळणीयंत्रासाठी साठवलेले पैसे त्यात घातले. लोक विचारायचे, "काऊन जी, कम्प्युटर का धान झोडपते?" बाबा नुसते हसायचे.

पण लोक यायचे ते फोनसाठीच. मी कम्प्युटरवर रोज फडकं मारायचे आणि पडद्यावरच्या हिरव्या टेकडीकडे बघत बसायचे... कंपनीचा माणूस सांगून गेला होता, असंच राहिलं तर अँटेना उतरवावा लागेल.

आमच्या मागच्या गल्लीत यशोदाबाई राहायच्या. त्यांचा मंगेश जन्मापासून मुका-बहिरा, नागपूरला फर्निचरच्या कारखान्यात कामाला. बाकीच्या आया रविवारी बूथवर येऊन पोरांशी बोलायच्या. यशोदाबाई बाकावर बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायच्या... आणि घरी जायच्या.

त्या आठवड्यात गावातल्या कुणीतरी बातमी आणली, मंगेशचा हात मशीनमध्ये सापडला म्हणून. मी कारखान्यात फोन लावून दिला. "मामूली लगा है, ठीक है," पलीकडून उत्तर आलं.

यशोदाबाईंनी रिसीव्हर ठेवला. घरी नवरा तापाने पडलेला, त्यामुळे निघताही येईना. "ठीक हाय म्हणते... पण माह्या पोराचं बोलणंच हातात हाये, बाई. मले त्याचे हात पाहाचे हायेत."

मंगेशच्या खोलीतल्या मित्राला मी निरोप दिला, रविवारी त्याला सायबर कॅफेत घेऊन ये. आणि वेबकॅम पहिल्यांदाच खोक्यातून बाहेर काढला.

त्या रविवारी पडद्यावर मंगेशचं चित्र हळूहळू आलं... पाण्याखालून चेहरा वर यावा तसं. यशोदाबाईंनी पदर सावरला आणि बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवला का? मंगेशने मान हलवली. मग तो काहीबाही सांगत राहिला, पण सगळं उजव्याच हाताने.

यशोदाबाईंनी स्वतःच्या डाव्या मनगटावर दोनदा थापटलं. मंगेशने खाली बघितलं. मग टेबलाखालून डावा हात वर आला. पट्टी बांधलेली. दोन बोटं मधूनच संपलेली.

बूथमध्ये एक काका मोठमोठ्याने रायपूरला बोलत होते. ते रिसीव्हर छातीशी धरून बघत राहिले.

 यशोदाबाईंनी दोन्ही हातांनी त्याला काहीतरी विचारलं, लांबलचक. मंगेश दोन्ही हात वर करून उत्तर द्यायला लागला, अगदी सावकाश. नेट इतकं मंद की हात हललेले दिसतच नव्हते... इथे विरायचे, तिथे उमटायचे. 

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. यशोदाबाईंना सगळं कळलं. त्या वळल्या, डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"बोलते ना... थोडासा तोतरा झाला, बस."

निघायच्या आधी मंगेशने माझ्याकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे जुळवून बाजूला उघडले, खिडकी उघडावी तसे. यशोदाबाई म्हणाल्या, "तुह्या नावाची खूण ठेवली त्यानं. आता तुले असंच बोलावन तो."

पुढच्या रविवारपासून बाकीच्या आयाही पोरांना बघायचं म्हणून यायला लागल्या. अँटेना आणखी काही वर्षं छतावर राहिला. मग खिशाखिशात मोबाईल आले आणि केंद्र आपोआप मिटलं... बाबांनी त्याचं दुःख कधी केलं नाही.

परवा आठवडी बाजारात गर्दीच्या पलीकडे एक उंच माणूस दिसला, खांद्यावर लहान मुलगी. त्याने तिला माझ्याकडे बोट करून दाखवलं आणि तळवे जुळवून उघडले. त्या पोरीनेही आपले इवलेसे तळवे तसेच उघडले...

आईबाबांनी मला एक छान नाव दिलंय. पण या दुसऱ्या नावासाठी मी जास्त ऋणी आहे.