पाणी प्या म्हणणं सोपं

बडोद्यात वैशाख तापला की माणसांचे दोन तट पडतात. एका तटातली माणसं सकाळचा चहा झाला की खिडक्या लावून, पडदे ओढून एसीसमोर गपगार पडतात. दुसऱ्या तटात असतात निरुपमाताई प्रधान.

निरुपमाताईंनी उभं आयुष्य मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवण्यात घालवलं. नवरा रिफायनरीत, पाळीवर. त्यामुळे घर, मुलगा आणि मैदान तिन्ही त्यांनी एकटीने रेटलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. या निघाल्या त्या दोन गल्ल्या ओलांडून नागरवाड्यातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात गेल्या आणि तिथे बायकांचा व्यायामवर्ग काढून बसल्या. वर्गात साठीच्या आगेमागे असलेल्या पंधरावीस जणी. कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाचा खांदा आखडलाय, कुणाची साखर वाढलीय. मराठी बायका त्यांना ताई म्हणतात, गुजराती बायका बेन म्हणतात, आणि पाठीमागे सगळ्या मिळून हेडमास्तर म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

यंदा मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या वर गेला. मोबाइलवर रोज इशारे येऊ लागले, आणि त्या इशाऱ्यांच्या पाठोपाठ शहराच्या दुसऱ्या टोकाहून, वासण्याहून, मुलाचा, केयूरचा, फोन.

"आई, वर्ग बंद कर ने थोडे दिवस. इकडे ये, एसीत आरामात बस."

"बसायला मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे?"

"लू लागेल म्हणून सांगतोय."

"लू लागते ती मूर्खासारखं उन्हात फिरणाऱ्याला. मी मूर्ख आहे असं तुझं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट बोल."

केयूर बरं म्हणाला. हेडमास्तरांच्या मुलाला बरं म्हणायची सवय असतेच.

पण हा निव्वळ हट्ट नव्हता. कोरोनात वर्ग बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला तेव्हा निम्म्या बायका परतल्याच नाहीत. आनंदीबाई नावाच्या एक होत्या. सत्तरीत वाकून पायाची बोटं धरायच्या. बंदीच्या काळात खुर्चीत बसल्या त्या बसल्याच, आता भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातात. निरुपमाताई त्यांना भेटायला गेल्या की घरी येऊन चिडचिड करत, कारण चिडण्याशिवाय हाती काही नसे. थोडे दिवस म्हणून बंद केलेलं म्हातारपणी कायमचं बंद होतं, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून वर्ग बंद होऊ द्यायचा नाही, मग सूर्य डोक्यावर येऊन बसला तरी.

मात्र हिंमत वेगळी आणि आडमुठेपणा वेगळा. वर्गाची वेळ त्यांनी पहाटेवर आणली. उड्या, धावणं, जिने सगळं बाद केलं. सावकाश ताण, सावकाश श्वास, मधूनमधून बसणं. प्रत्येकीच्या मानेवर ओला पंचा. कोपऱ्यात वाळ्याची जुडी टाकलेला माठ. आणि दर थोड्या वेळाने त्यांचा खणखणीत आवाज लागे, "पाणी प्या." बायका हो हो म्हणत. वर्ग सुटल्यावर माठ मात्र जवळजवळ भरलेलाच राही. ही गोष्ट त्यांच्या नजरेला पडायला हवी होती. पडली नाही.

मग एका मंगळवारी वर्गातली मंदा बसली ती उठेचना. चेहरा पांढराफटक, हात गार. निरुपमाताईंनी तिला आडवं केलं, पाय उशीवर घेतले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, आणि शुद्ध नीट आल्यावर मीठसाखरेचं पाणी घोट घोट पाजलं. समोरचे डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, उन्हाचं नाही, सूर्य आत्ता तर उगवतोय. अंगात पाणीच नाही. काल संध्याकाळपासून यांनी घोटभरही घेतलेलं दिसत नाही.

डॉक्टर गेल्यावर निरुपमाताई कडाडल्या. "रोज घसा फोडून सांगते मी. कान काय घरी ठेवून येता?"

मंदा छताकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, जवा दो ने. जाऊ द्या ना."

"काय जवा दो? आज पडलीस, उद्या आणखी कुणी पडेल."

"पाणी प्यायलं की जावं लागतं, ताई. या वयात धरवत नाही. आणि इथे जायचं कुठे? तुमचं घर जवळ आहे. मी मांजलपुराहून दोन रिक्षा बदलून येते."

मग एकेक जण कबुली देऊ लागली. कुणी रात्रीच्या जेवणानंतर पाणी तोडत असे, कुणी सकाळचा चहासुद्धा घेत नसे. बाहेर पडायचं तर पोटात पाणी नको, हे त्या आईकडून शिकल्या होत्या, शाळेत पाळलं होतं, नोकरीत पाळलं होतं. सभागृहात बायकांसाठी सोय होती, नाही असं नाही. पण त्या दाराला वर्षानुवर्षं कुलूप होतं. आत मंडळाच्या गणपतीची मखरं ठेवलेली होती.

निरुपमाताईंना आधी बायकांचा राग आला, मग मंडळाचा, आणि सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्याच दारासमोर उभं राहून त्या रोज शिट्टी फुंकत होत्या.

दुपारपर्यंत सभागृहाच्या दारावर कागद चिकटला. उष्णतेच्या लाटेमुळे महिलांचा व्यायामवर्ग पाऊस पडेपर्यंत बंद. खाली मंडळाचे चिटणीस मल्हारराव यांची सही. मल्हारराव माणूस वाईट नाही. पणजोबा संस्थानाच्या काळी राजाच्या सरकारवाड्यात कामाला होते, त्या अदबीचा मुलामा अजून टिकून आहे. निरुपमाताई भर उन्हात छत्री घेऊन त्यांच्या घरी गेल्या, तर त्यांनी आधी खुर्ची पुढे केली, मग वाळ्याचं सरबत मागवलं.

"सरबत नंतर. चावी द्या."

"कसली चावी?"

"बायकांच्या संडासाची."

मल्हाररावांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "जरा हळू बोला ताई, घरात सूनबाई आहेत."

"त्या जात नाहीत का?"

मल्हाररावांनी सरबताचा पेला पुढे सरकवला. "तुमच्याच काळजीपोटी वर्ग बंद केलाय. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर मंडळाचं नाव जाईल."

"बरंवाईट ऊन नाही करत. तुमचं कुलूप करतंय."

"पण आत मखरं आहेत. शिसमहाल आहे, कैलास आहे. ती ठेवायची कुठे? सभेत विषय घ्यावा लागेल. पावसाळ्यानंतर सभा आहे, तेव्हा जोईशू." जोईशू म्हणजे बघू. बडोद्यात जोईशू म्हटलेली गोष्ट कुणी पुन्हा पाहिल्याचं ऐकिवात नाही.

"हे आधी सांगितलं असतंत तर काहीतरी केलं असतं," मल्हाररावांनी पुढे जोडलं.

"सांगायची आम्हाला लाज वाटली. तुम्हाला विचारायची का वाटावी?" एवढं बोलून त्या उठल्या. सरबत तसंच राहिलं, आणि घरी येईपर्यंत त्याची हळहळ वाटत राहिली, कारण तहान मरणाची लागली होती.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना फोन केले. कागद वाचलात ना, मग तो विसरा. उद्या नेहमीच्या वेळेला या, जुने कपडे घालून या आणि येताना पाणी पिऊन या. मंदाला म्हणाल्या, तू चार दिवस विश्रांती घे. मंदा हो म्हणाली.

सभागृहाची एक चावी वर्गासाठी त्यांच्याकडेच असे, त्यामुळे मोठ्या दाराचा प्रश्न नव्हता. आतल्या कुलपासाठी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी घरून हातोडा आणला होता. कुलूप गंजलेलं. तिसऱ्या घावाला कडी सुटली आणि दार उघडताच धुळीचा लोट अंगावर आला. आत थर्मोकोलचे खांब, आरशांचा शिसमहाल, कागदाच्या लगद्याचा कैलास आणि एक मान मोडलेला मोर होता.

"आजचा व्यायाम हाच," निरुपमाताई म्हणाल्या. "गुडघ्यात वाकून उचला, कंबरेतून नको."

रांग करून एकीने दुसरीच्या हातात देत मखरं बाहेर निघाली आणि सभागृहाला लागूनच असलेल्या मंडळाच्या कार्यालयात जाऊन विसावली. कैलास चिटणिसांच्या टेबलावर बसला. दोघी खराटा घेऊन आत शिरल्या, दोघींनी बाहेरच्या नळावरून बादल्या भरल्या. दर थोड्या वेळाने निरुपमाताई थांबवत, पेले फिरत, आणि आज पेले रिकामे होऊन परत येत होते. मधेच मंदा आली. "विश्रांती झाली," एवढंच म्हणाली आणि पेले भरायला लागली. निरुपमाताईंनी न रागवता तिच्या हातात तांब्या दिला.

मल्हाररावांपर्यंत खबर पोचायला कितीसा वेळ लागणार? ते झब्बा घालून आले तेव्हा फरशी धुऊन झाली होती आणि बायका पुन्हा ओळीत उभ्या होत्या. मोडलेलं कुलूप त्यांनी पाहिलं, कार्यालयातला कैलास पाहिला.

"ताई, हे बरं नाही. मला सभा बोलवावी लागेल."

"बोलवा. सकाळी बोलवा. आम्ही सगळ्या सभासद आहोत आणि सगळ्या इथेच असतो. वर्ग बंद करायचा ठराव आमच्यासमोर मांडा."

मल्हारराव काहीतरी बोलायला गेले. तेवढ्यात मंदाने ओळीतूनच पेला उचलला, त्यांच्याकडे बघत पेलाभर पाणी सावकाश संपवलं, पेला खाली ठेवला आणि चालत आत गेली. दार लागलं. मल्हाररावांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग जोड्यांकडे पाहिलं, पण निघून जाणंही त्यांना जमेना. आतून बादलीतलं पाणी ओतल्याचा आवाज आला, भरपूर आला. मंदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि आपल्या जागेवर उभी राहिली.

"हात वर," निरुपमाताई म्हणाल्या.